पहिल्या रांगेतला धम्मा

वंदनावहिनींचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या मोंढ्यात, आमच्या अडत दुकानात हळदीच्या ढिगापाशी उभा होतो. लिलाव ऐन रंगात होता, हमालांची आरडाओरड, ट्रकवाल्याचा हॉर्न... मला नीट ऐकूच येईना. "कोण? कोण बोलतंय?" मी ओरडत होतो. पलीकडून वहिनी नुसत्या रडल्या, आणि मला कळलं. माझा मित्र, वहिनींचा नवरा धम्मपाल गेला. शिरड शहापूरच्या शाळेत परिपाठ चालू असताना छातीत कळ आली म्हणे. मुलांना "बसा" म्हणाला आणि स्वतःच खाली बसला. नांदेडला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. चाळिशीही आली नव्हती त्याची. हातातलं हळकुंड मुठीत धरून मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला धास्ती वाटली. डोक्यात एकच विचार आला, आता किसन आबांचं काय? धम्मानं कॉलेजच्या दिवसांपासून एक काम अंगावर घेतलं होतं. ते अर्धवट टाकून तो गेला होता, आणि ते पुढं नेण्याची हिंमत माझ्यात नव्हती. ते काम काय होतं हे सांगायचं तर सुरुवात पुण्यापासून करावी लागते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. हिंगोली जिल्हा अजून वेगळा झाला नव्हता. पुण्यात कुणी विचारलं की आम्ही परभणीवाले म्हणून सांगायचो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. मी वसमतच्या अडत्याचा मुलगा, धम्मा शिरड शहापूरच्या गवंड्याचा. एका कॉलेजात, एका वसतिगृहात, एका खोलीत येऊन पडलो. पहिला महिना मी खोलीतच बसून काढला. शहरात पाऊल टाकलं की खिशात हात घालावा लागतो अशी माझी पक्की समजूत होती, आणि माझे वडील हात आखडून पैसे पाठवणारे. धम्माच्या खिशात तर माझ्याहून खडखडाट. पण तो पहिल्याच रविवारी बाहेर पडला आणि संध्याकाळी इतक्या तुकतुकीत चेहऱ्यानं परत आला की मला संशय आला.

"कुठं जाऊन राहिला रे तू?" मी विचारलं.

"शहर पाहून राहिलो."

"पैसे कोण देऊन राहिलं?"

"पैसे काहून लागतात? तू चल तर उद्या."

त्याची पद्धत अशी होती. सकाळी सार्वजनिक वाचनालयात जायचं, सगळी वर्तमानपत्रं उघडायची आणि 'शहरात आज' हे सदर वाचायचं. बाकी बातम्या नंतर. व्याख्यान, चित्रप्रदर्शन, पुस्तक प्रकाशन, आंतरमहाविद्यालयीन वादविवाद, कुणाच्या तरी संग्रहातली जुनी नाणी... ज्याच्याखाली 'सर्वांसाठी खुले' असं छापलेलं असेल ते आपलं. 'फुकट' हा शब्द त्याला मुळीच चालत नसे. "फुकट म्हणजे चोरून घेतल्यावानी वाटतं. हे खुलं हाय," असं तो म्हणायचा. पहाटे टेकडी चढायची, दुपारी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे उभ्या उभ्या अर्धी कादंबरी वाचायची, उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी. उन्हाळ्यात चित्रांच्या प्रदर्शनात जायचं कारण तिथं गार असतं. तिथल्या बाई विचारायच्या, "काही घ्यायचंय का?" धम्मा शांतपणे म्हणायचा, "न्हाई बाई, समजून घेऊन राहिलो." पुस्तक प्रकाशनाला चहा आणि बटाटावडा असे, त्याला त्याची ना नव्हती, पण आधी भाषण पूर्ण ऐकलंच पाहिजे हा दंडक होता. वसतिगृहातली पोरं लग्नाच्या हॉलात घुसून जेवून यायची. तिथं मात्र तो कधी आला नाही. म्हणायचा, "कुणी आपल्याला बोलावलं न्हाई तिथं जायचं न्हाई. आन् जिथं समद्यांना बोलावलंय तिथं मान खाली घालून जायचं न्हाई."

आणि बसायचं पहिल्या रांगेत. यावरून आमची रोज भांडणं. मी मागच्या दाराजवळचा माणूस, केव्हाही सटकता यावं अशा बेतानं बसणारा. हा सरळ पुढं. एकदा मी फारच कुरकुर केली तेव्हा तो म्हणाला, "माझा आजा सभेला जायचा. बसायचा कुठं, तर लोकांच्या चपला असतात तिथं. भाषण त्याला कधी ऐकू आलं न्हाई. इथं खुर्चीवर कुणाचं नाव लिवलंय का? न्हाई ना? मंग बस." यानंतर मी कुरकुर बंद केली, पण पुढच्या रांगेत बसताना माझी पाठ कायम ताठ असायची. त्याच सवयीनं आमचा एक दिवस घात केला.

पेठेतल्या एका दुमजली सभागृहात वरच्या मजल्यावर प्रवासवर्णनाचं प्रकाशन होतं. आम्हाला उशीर झालेला. खालच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग दिसला, आत माणसं दाटीवाटीनं बसलेली दिसली, आणि धम्मा शिरला. पहिली रांग अख्खी मोकळी. तो खूश. "बघ, पुण्याची माणसं बी लाजतात फुडं बसायला," असं माझ्या कानात कुजबुजून त्यानं बरोबर मधल्या दोन खुर्च्या पकडल्या. आमच्याकडं माणूस गेला की लोक ओसरीवर, सतरंजीवर बसतात. त्यासाठी हॉल घेतात, खुर्च्या मांडतात आणि पहिली रांग घरच्यांसाठी सोडतात, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? मंचावरच्या टेबलावर दोघांनी एका वयस्क माणसाचा फोटो आणून ठेवला, त्याला हार घातला, समई लावली, तेव्हा ही शोकसभा आहे हे माझ्या लक्षात आलं. पांढऱ्या साडीतल्या एक बाई कुणाच्या तरी आधारानं आल्या आणि आमच्या शेजारी एक खुर्ची सोडून बसल्या. "उठ, चल," मी त्याचा शर्ट ओढला. "आता उठलो तर आणखी वाईट दिसंल," तो ओठ न हलवता म्हणाला. आम्ही बसून राहिलो. मागच्या सगळ्यांची नजर आमच्या मानेवर आहे असं मला वाटत होतं.

भाषणं सुरू झाली. गेलेले गृहस्थ माणिक सर. दिवसा छापखान्यात नोकरी करायचे आणि संध्याकाळी रात्रशाळेत हॉटेलातल्या, गॅरेजमधल्या पोरांना शिकवायचे. एकानं त्यांच्या मूळ गावाचं नाव घेतलं आणि मी चमकलो. नरसी नामदेवच्या अलीकडचं गाव! माझ्या मावशीचं सासर त्याच पट्ट्यातलं. बोलणारा म्हणाला, "सरांनी आंतरजातीय विवाह केला आणि त्यांचं गाव सुटलं ते कायमचं. निरोप पाठवला होता आम्ही. पण गावाकडचं कुणी..." आणि तो थांबला. त्याची नजर पहिल्या रांगेकडे, आमच्याकडे वळली होती. दोन अनोळखी पोरं, मळके सदरे, घरच्यांच्या खुर्च्यांवर बसलेली. तो मंचावरून दोन पायऱ्या खाली उतरला आणि हळू आवाजात म्हणाला, "माफ करा, आपण कोण?"

मी 'चुकून आलो' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्या बाईंनी मान वळवली होती. त्या आमच्याकडे अशा बघत होत्या की... काय सांगू? कुणाची तरी वाट बघून थकलेलं माणूस दार वाजल्यावर बघतं तसं. धम्मानं ते पाहिलं. तो उभा राहिला.

"आमी गावाकडून आलो," तो म्हणाला.

हॉलमध्ये कुजबुज झाली आणि विरली. लग्नातलं एक ताट चोरून न खाणारा हा माणूस शंभर लोकांसमोर, मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर खोटं बोलत होता. तो बोलणारा गृहस्थ आणखी जवळ आला. त्यानं नाव विचारलं, धम्मानं सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं चक्क माईक त्याच्या हातात दिला. दोन शब्द बोला म्हणाला. आता हा काय बोलणार? सरांना यानं जन्मात पाहिलं नव्हतं. कुणी एखादा प्रश्न विचारला, एखाद्या काकाचं नाव विचारलं की संपलं. धम्मानं माईक दोन्ही हातांनी धरला, फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी लहान हाय, मला त्यांच्याबद्दल बोलायचा हक न्हाई. आमच्या तिकडं माणूस गेला की समदं गाव येतं. ह्या माणसासाठी यायला गावानं लई उशीर केला. त्याची मी माफी मागतो." बसला. मागे कुणीतरी हुंदका दिला, आणि मला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पळता आलं नाही. सभा संपल्यावर त्या बाई, शांताबाई त्यांचं नाव, आमच्यासमोर येऊन म्हणाल्या, "घरी चला. चहा घेऊन जा." वाटेत मी धम्माला नाही नाही ते बोललो. "त्यांनी गावाचा पत्ता विचारला तर? भावाचं नाव विचारलं तर?" तो म्हणाला, "विचारणार न्हाईत. मीच सांगणार हाय." दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची रांग, कोपऱ्यात पाण्याचा माठ. शांताबाईंनी चहा ठेवला. धम्मानं कपाला हात लावला नाही. "काकू, आधी ऐकून घ्या. मी खोटं बोललो. आमी वरच्या कार्यक्रमाला आलो होतो. चुकून तुमच्या खुर्चीवर बसलो. सरांना मी वळखत न्हाई, त्यांच्या घरच्यांना बी न्हाई. तुमी मला काही बी बोला."

मी दाराकडे बघत होतो. मग त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. तू नाव सांगितलंस तेव्हाच कळलं. त्या घरातून धम्मपाल नावाचं लेकरू कोण पाठवील रे?" आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते तिथं टिकलं नाही. त्या हिंगोलीच्या दवाखान्यात नर्स होत्या, बौद्ध घरातल्या. माणिक सर जमीनजुमला असलेल्या शेतकऱ्याच्या घरातले. लग्न करून दोघं पुण्याला आले तेव्हा तिकडं सरांच्या आईनं आणि धाकट्या भावानं अंगणात बसून डोक्यावरून पाणी घेतलं होतं. त्यांच्या नावानं आंघोळ केली होती. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांना सांगतो, आमच्याकडं भावकीतला माणूस गेल्याचं कळलं की घरातले सगळे आंघोळ करतात. आणि जिवंत माणसाशी संबंध तोडायचा असेल तरी त्याच्या नावानं तशीच आंघोळ करतात. मग तो त्या घरापुरता मेला.

"सर हसायचे त्याच्यावर," शांताबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची पुणेरी सुटली आणि आमच्या तोंडची भाषा आली. "म्हणायचे, मी मेलेला माणूस हाय, मला काय भेव? पण सकाळी आंघोळीला बसले की कधी कधी तांब्या हातात धरून तसेच बसून राहायचे. माझा न्हाई इस्वास सुतकाबितकावर. पण त्यांचा जीव त्यातच अडकून होता. आता ते खरंच गेले, आन् आता तिकडं कुणीच आंघोळ करणार न्हाई. एकदा करून बसलेत ना." मग पदरानं डोळे पुसून त्यांनी धम्माकडे बघितलं. "तू गावाकडून आलो म्हणालास. आता गावाकडं जाऊन ये. त्यांच्या भावाला सांग, तुझा भाऊ गेला. एवढं केलंस तर खोटं बोलल्याचं मी काही मनात ठेवणार न्हाई." धम्मानं मान डोलावली आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. त्या क्षणी मला त्याचा प्रचंड राग आला होता. शहरात वेळ घालवायला म्हणून आत शिरलो, आणि हा माणूस एका घराचं जन्माचं दुखणं उचलून घेऊन निघाला होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. मी गेलो ते केवळ त्याला एकट्याला पाठवायला भीती वाटली म्हणून. हिंगोलीहून नरसीची एसटी, पुढं पायवाट, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. वाटेत मी एकच धोशा लावला होता, "तू नाव सांगू नको. मी बोलतो. मावशीचं नाव सांगतो." तो नुसता चालत राहिला. सरांचे धाकटे भाऊ, किसन आबा, गोठ्यापुढं बैलाला पेंड घालत होते. उंच, काटक, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. मी मावशीच्या सासरचं नाव घेतलं तशी त्यांनी बाज टाकायला सांगितली, आतून पाण्याचा तांब्या आला. मी पाणी प्यालो. मग त्यांनी धम्माकडे बघून विचारलं, "आन् हे कोणाचं पोरगं?"

"मी धम्मपाल. शिरड शहापूरचा. पुण्याहून निरोप घेऊन आलो. तुमचे भाऊ माणिकराव वारले."

आबांच्या हातातली पेंडेची पाटी हलली नाही. आतमध्ये भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "माणिक?" आबा म्हणाले. "माणिक कवाच मेला. मी सोता त्याच्या नावानं आंघोळ केली. माय बी होती तवा. आमच्या घरात एका माणसाची दोनदा आंघोळ करत न्हाईत."

"तवा तुमी जित्या माणसाची केली," धम्मा म्हणाला. "गेलेल्याची ऱ्हायलीच."

मी डोळे मिटून घेतले. पाटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा आबा धम्माच्या पुढ्यात उभे होते, बैल हाकायची काठी हातात, आणि मानेची शीर तटतटलेली. "कोण तू मला सांगणारा? तिनं पाठवलं का तुला? तुमच्यातलीच ना ती?" शेजारच्या अंगणातून दोघंतिघं उठून आले. धम्मा बाजेवरून उठला, पण मागं सरकला नाही. "व्हय, आमच्यातलीच. तिनंच पाठवलं. तिला काही नको तुमचं, जमीन नको, घर नको. निस्तं तुमी डोक्यावरून पाणी घ्यावं एवढंच." काठी वर गेली नाही, खालीही आली नाही. शेवटी आबा म्हणाले, "निघा." आम्ही निघालो. फाटकापाशी धम्मा वळला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "जातो आबा. फुडल्या दिवाळीला येतो."

एसटी येईपर्यंत मी मागं वळून वळून बघत होतो. तो मात्र रस्त्याकडेच्या दुकानातले चिरमुरे खात बसला होता. "शांताकाकूंना काय सांगणार?" मी विचारलं. "जे झालं ते. न्हाई केली म्हणून सांगणार." आणि त्यानं तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. तू तर गेला होतास." आणि त्याच्या ताटात जास्तीची भाकरी वाढली.

तो खरोखर दर दिवाळीला गेला. शिक्षण संपलं, हिंगोली जिल्हा झाला, तो गावच्या शाळेत मास्तर झाला, लग्न झालं, मी मोंढ्यात अडकलो, तरी त्याची ती फेरी चुकली नाही. मी परत कधी गेलो नाही. दुसऱ्या वर्षी म्हणे आबा बोललेच नाहीत, पाठ करून बसले. तिसऱ्या वर्षी त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि आबांनी तो फेकला नाही. पुढं कधी तरी "आला का तू" म्हणाले. एका वर्षी बराच वेळ बैलाच्या अंगावरून हात फिरवत राहिले आणि विचारलं, "ती कशी हाय? एकलीच ऱ्हाती का?" धम्मा दर वेळी निघताना एवढंच विचारायचा, "आबा, आंघोळ?" आणि आबा दर वेळी म्हणायचे, "न्हाई." मी त्याला चिडवायचो, "तुझं हे कोर्टातल्या तारखेवानी चालू हाय." तो हसायचा, पण एकदा म्हणाला, "थकून राहिलो रे. आबा बी थकून राहिला. काकू बी. कोण आधी जाईल याचंच भेव वाटतं." त्या तिघांत सगळ्यात तरुण तोच होता.

शाळेत त्यानं आणखी एक काम चालवलं होतं. बारावी होऊन शहराकडे निघालेल्या पोरापोरींना तो वर्गात बसवून सांगायचा, शहरात काय काय खुलं असतं. वाचनालयात काय बघायचं, टेकडीवर केव्हा जायचं, प्रदर्शनातल्या बाईंना काय उत्तर द्यायचं. "खिशात काही नसलं तरी चालतं. पण पाय उंबऱ्याशी अडखळला की शहर तुमचं न्हाई." आणि शेवटी, कुठंही गेलात तर पहिल्या रांगेत बसा. फक्त आधी खात्री करा की टेबलावर कुणाचा फोटो येणार नाही. यावर पोरं हसायची. त्यामागची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

तो गेला त्या दिवशी, पायरीवरून उठल्यावर, मी दोन ठिकाणी निरोप धाडला. पुण्याला शांताकाकूंना फोन केला. आणि आबांच्या गावचा एक शेतकरी हळद घेऊन मोंढ्यात आला होता, त्याला म्हणालो, "आबांच्या कानावर घाला, धम्मपाल मास्तर गेले. रविवारी शाळेत शोकसभा हाय." म्हणालो खरा, पण लगेच पस्तावलो. आबा आले आणि काकू समोर दिसल्या तर काय होईल? ज्या बाईमुळे भाऊ तुटला असं जन्मभर धरून बसलेला माणूस... आणि समजवायला आता धम्मा नाही. रविवारपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. पोरांनी पहिली रांग घरच्यांसाठी सोडली होती. वंदनावहिनी, धम्माचे वडील आणि शांताकाकू. काकू इतक्या वाकल्या होत्या की मी आधी ओळखलंच नाही. टेबलावर धम्माचा फोटो, शेजारी मेणबत्ती. मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले आणि फाटकातून किसन आबा आत आले. एकटेच. डोक्याला पांढरा रुमाल, मिशा पार पिकलेल्या, हातात काठी. ते सरळ मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबले. त्यांनी पहिली रांग पाहिली. त्यांनी काकूंना पाहिलं. काकूंनीही पाहिलं, आणि त्यांचा हात वहिनींच्या हातावर घट्ट आवळला गेला. मुख्याध्यापक थांबले. मी उठून पुढे झालो. आबांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे.

"नळ कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांना तहान लागली. मी शाळेच्या टाकीकडे बोट केलं. ते तिकडे गेले, काठी टेकवून ठेवली, रुमाल सोडला, बादली भरून घेतली आणि धोतर-सदऱ्यासकट खाली बसले. मी मागोमाग धावलो. त्यांनी तांब्यानं डोक्यावर पाणी घेतलं. "ही मास्तराची," ते म्हणाले. बादली रिकामी झाली तशी त्यांनी ती परत नळाखाली लावली. बादली भरेपर्यंत ते चढत जाणाऱ्या पाण्याकडे बघत होते. मग दुसऱ्यांदा तांब्या बुडवला. "आन् ही माणिकची. ऱ्हायली होती."

मी तोंड फिरवलं. मला आवरेना. मांडवातले सगळे उठून बघत होते आणि काकू उभ्या राहिल्या होत्या, कुणाचाही आधार न घेता. आबा ओल्या कपड्यांनी तसेच आले. एक मास्तर पुढं झाला आणि शिस्तीनं म्हणाला, "पहिली रांग घरच्यांसाठी आहे... आपण कोण?"

"घरचाच," आबा म्हणाले, आणि काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

ते दोघं एकमेकांशी काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. धम्मा असता तर त्यानंही विचारलं नसतं. सभा झाली, माणसं पांगली, पोरं खुर्च्या उचलून वर्गात नेऊन ठेवायला लागली. आबांची खुर्ची ओलीच होती. एका पोरीनं ती पुसायला फडकं आणलं. मी म्हणालो, "राहू दे, वाळेल." आणि त्या रिकाम्या मांडवात, पहिल्या रांगेत, ओल्या खुर्चीशेजारी मी जाऊन बसलो. पहिल्यांदाच मला पाठ ताठ करावी लागली नाही.